साडीची पिन काढून ठेवली, मग आकडा बसला

"मोटर किती एचपीची, बाई?"

मोटर नाहीये म्हटल्यावर तो जरा गडबडला. चौलच्या रस्त्याला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याच फिजिक्सच्या तासाला मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हाही प्रश्न असेच मुद्द्याचे विचारायचा. दुकानात वार्निशचा वास, भिंतीला टेकवलेले जळके पंप, आणि काउंटरवर मी पिशवीतून काढून ठेवलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या. म्हटलं, या दोन्हींवर 22 गेजची तार सातशे-सातशे वेढे मारून दे. एका बाटलीवर सुलटे, दुसरीवर उलटे.

"आत काय भरणार?"

"पाणी."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. नुकतीच रिटायर झालेली बाई, घरात दोघंच, मुलगा परदेशात. त्याच्या डोक्यात काय आलं असेल ते मला कळलं, आणि म्हणूनच पुढचा अर्धा तास मी त्याला स्टुलावर बसवून, पाण्याच्या बाटलीने पृथ्वीचं चुंबकक्षेत्र कसं मोजतात ते शिकवलं. मजुरी त्याने घेतली नाही, तारेचेच पैसे घेतले. किलोभराहून जास्त तांबं गेलं, तेव्हा तेही काही कमी नव्हते.

त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. पाण्यात हायड्रोजन असतो आणि हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे एकटा प्रोटॉन. हा प्रोटॉन म्हणजे एक इवलासा लोहचुंबक, आणि तो स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरतोही. बाटलीभोवतीच्या तारेतून चार-पाच सेकंद वीज सोडली की त्यातले थोडे प्रोटॉन एका बाजूला तोंड करून उभे राहतात, प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारखे. मग वीज पटकन तोडायची. तोडल्याबरोबर त्यांच्यावर सत्ता उरते ती फक्त पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची, आणि ते सगळे मिळून त्या क्षेत्राच्या दिशेभोवती डोलू लागतात, वेग उतरलेला भोवरा डोलतो तसे. या डोलण्याने त्याच तारेत अगदी क्षीण वीज उमटते, काही मायक्रोव्होल्ट. ती वाढवून स्पीकरला दिली तर शिटी ऐकू येते. दोन-तीन सेकंदांत विरून जाते.

गंमत त्या शिटीच्या स्वरात आहे. क्षेत्र जितकं जोरदार, तितका स्वर उंच, आणि हे प्रमाण निसर्गाने ठरवलेलं आहे: एका टेस्लाला (टेस्ला म्हणजे चुंबकक्षेत्राचं माप) 42.577 मेगाहर्ट्झ. पृथ्वीचं क्षेत्र टेस्लाच्या मानाने फारच फिकं, म्हणून ते नॅनोटेस्लात मोजतात, म्हणजे टेस्लाच्या अब्जाव्या भागात. अलिबागच्या बाजूला ते 43 हजार नॅनोटेस्लांच्या आसपास आहे. गुणाकार केला तर 1830-1835 हर्ट्झ येतात. माणसाच्या कानाला सहज ऐकू येणारा स्वर. बाटली माझी असो की कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेची, तार चांगली गुंडाळलेली असो की वाईट, स्वर तोच. तार वाईट असली तर शिटी बारीक येते, बेसूर येत नाही. मोजमापाच्या उपकरणांत इतकी प्रामाणिक वस्तू दुसरी मला माहीत नाही.

(शिकवताना मी हे तीस वर्षांत एकदाही करून दाखवलं नाही, अभ्यासक्रमात नव्हतं म्हणून. आता वाईट वाटतं.)

हे खूळ डोक्यात शिरलं ते 1990 च्या सुमारास. आमच्या कॉलेजची सहल अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत नेली होती. आत जाण्याआधी तिथल्या माणसाने घड्याळं, किल्ल्या, कंपासपेट्या, पट्ट्यांची बक्कलं सगळं बाहेर टेबलावर काढून ठेवायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून, नजर जरा बाजूला करून म्हणाला, "मॅडम, साडीला पिन असेल तर तीही." पोरं फिदीफिदी हसली. मी पदराची काढली. निऱ्यांची काढली नाही, कारण तिथे आडोसा नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या दिवशी कळलेली दुसरी गोष्ट दगडाची. ती वेधशाळा आपल्या काळ्या दगडाची नाही की कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याची नाही. तिला दगड आणला पोरबंदरहून, वाळूचा दगड, एकेक पारखून. कारण आपला बेसॉल्ट हा थिजलेला लाव्हा, त्यात लोहखनिजाचे कण, आणि थिजताना त्या वेळचं चुंबकक्षेत्र त्याने स्वतःत धरून ठेवलेलं. अख्खा सह्याद्री म्हणजे एक मंद लोहचुंबक आहे. त्याच्या भिंतींत बसून पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून तंबोरा लावण्यासारखं.

आणि ती वेधशाळा अलिबागला आलीच का, तर ट्रामच्या भीतीने. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा 1826 ची, आणि तिथे चुंबकीय नोंदी 1841 पासून चालू होत्या. (मुंबईचा कुलाबा वेगळा, आमच्या समुद्रातला कुलाबा किल्ला वेगळा. त्यात आमच्या जिल्ह्याचं नावही 1981 पर्यंत कुलाबाच होतं. बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतो, आमचा नाही.) 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचा त्या वेधशाळेशी संबंध होता, आणि गणिती केरूनाना छत्रे तरुणपणी तिथे नोकरीला होते. केरूनाना मूळचे आमच्या नागावचे, त्यामुळे इथे राहून हे उद्योग करताना मला थोडा हक्कही वाटतो.

तर मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या येणार हे विसाव्या शतकाच्या तोंडावर दिसू लागलं. विजेची ट्राम म्हणजे रुळांतून आणि जमिनीतून भटकणारा प्रवाह, आणि प्रवाह आला की त्याचं चुंबकक्षेत्र आलं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस. त्या जागेवर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी ट्राम सुरू व्हायची वाट पाहिली नाही. खाडीपलीकडे अलिबागला जागा धरली, 1904 पासून तिथे नोंदी सुरू केल्या, आणि 1906 पर्यंत दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे समांतर मोजलं, म्हणजे जुनी मालिका नवीला नीट सांधता यावी. ट्राम धावली 1907 साली. सरकारी खात्यात इतकी दूरदृष्टी पाहिली की मला अजूनही थोडं भरून येतं.

मला या सगळ्या इतिहासात एकच धागा दिसतो. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणं अवघड आहे ते ते अशक्त आहे म्हणून नाही. आपण लोखंड आणि वीज घेऊन फिरतो म्हणून ते अवघड आहे. ट्रामपासून पळा, बेसॉल्टपासून पळा, पिनेपासून पळा. आणि जमिनीवर पळून भागेना, तेव्हा माणसं वर गेली.

वर जाण्याचं आणखीही एक कारण होतं, आणि ते सुंदर आहे. पेरू देशात वांकायोला एक वेधशाळा आहे, चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ. तिथे रोज दुपारी क्षेत्र इतर ठिकाणांपेक्षा फार जास्त फुगायचं आणि संध्याकाळी ओसरायचं. म्हणजे डोक्यावर उंच कुठेतरी दिवसा विजेचा प्रवाह वाहत असणार. पण किती उंच? खालून सांगता येत नाही. कमी उंचीवरचा लहान प्रवाह आणि जास्त उंचीवरचा मोठा प्रवाह, दोघांचा खाली उमटणारा ठसा सारखाच दिसू शकतो. बंद दाराआडून ऐकू येणारं बोलणं हळू आहे की लांबचं आहे, असाच प्रश्न.

उत्तर एकच: त्या प्रवाहाला भेदून पलीकडे जा. प्रवाहाच्या खाली असताना त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिळतं, वर गेलं की तेच उलट होतं आणि वजा व्हायला लागतं. जिथे ही उलथापालथ, तिथे प्रवाह. 1949 च्या मार्चमध्ये अमेरिकन नौदलाच्या 'नॉर्टन साउंड' जहाजावरून पेरूच्या किनाऱ्यापुढे एअरोबी रॉकेटं सोडली, त्यांत चुंबकमापक होते, आणि शंभरेक किलोमीटरवर खरोखरच प्रवाह सापडला. ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमनने 1951 साली त्याला नाव दिलं इक्वेटोरियल इलेक्ट्रोजेट.

आता आपल्याकडे या. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकावरून जातं, आणि त्याच्या जवळ केरळच्या किनाऱ्यावर एक कोळीवाडा होता, थुंबा. विक्रम साराभाईंनी तिथे रॉकेट तळ उभारला तो या इलेक्ट्रोजेटसाठीच. जागा शोधण्याच्या कामात एकनाथ चिटणीस होते, मूळ कोल्हापूरचे. मेरी मॅग्डलीन चर्चमध्ये रॉकेटची जुळणी आणि सायकलवरून नेलेलं रॉकेटचं टोक, हे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे मी ते परत सांगत बसत नाही. पहिलं रॉकेट उडालं 21 नोव्हेंबर 1963 ला, सोडियमची वाफ सोडायला. ते बातमीत राहिलं. माझ्या लेखी खरी गोष्ट पुढच्या दोन महिन्यांत घडली: 1964 च्या जानेवारीत नाइके-अपाचे रॉकेटं थुंब्याहून उडाली आणि त्यांच्या टोकात प्रोटॉन चुंबकमापक होते. म्हणजे माझ्या बाटलीचीच मोठी बहीण! द्रवाची कुपी, भोवती तांब्याची तार, वीज सोडा, तोडा, शिटी ऐका. शिटी रेडिओवरून खाली यायची आणि टेपवर भरून घ्यायची. केहिल आणि मेनार्ड हे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे शास्त्री यांनी ती मोजणी केली.

हे काम किती नाजूक आहे ते आकड्यांत बघा. तुम्ही नुसते वर जाऊ लागलात तरी दर किलोमीटरला पृथ्वीचं क्षेत्र वीसेक नॅनोटेस्लांनी उतरतं, कारण तुम्ही गाभ्यापासून लांब जाता. शंभर किलोमीटर जाईपर्यंत जवळजवळ दोन हजारांची उतरण. इलेक्ट्रोजेटची उलथापालथ शे-सव्वाशेच्या घरातली. म्हणजे घाट उतरताना रस्त्यातली एक पायरी ओळखायची, तीही सेकंदाला किलोमीटरहून जास्त वेगाने जाताना, तीही भरदुपारी, कारण रात्री हा प्रवाह जवळजवळ नसतोच. रॉकेटची उंची शंभर मीटरने चुकली तर दोन नॅनोटेस्लांची चूक. तरीही पायरी मिळाली, 105 ते 110 किलोमीटरच्या पट्ट्यात. सगळा प्रवास सहा-सात मिनिटांचा, मग रॉकेट समुद्रात.

सहा-सात मिनिटं हीच रॉकेटची अडचण. एका जागेचा एक उभा छेद मिळतो आणि खेळ खलास. सगळी पृथ्वी बघायची तर फिरतं राहायला हवं.

रशियाच्या तिसऱ्या स्पुटनिकने 1958 सालीच चुंबकमापक वर नेला होता. पण पुढच्या वर्षीचा अमेरिकेचा व्हॅन्गार्ड-3 मला जवळचा, कारण त्यात पुन्हा प्रोटॉनची कुपी. खालून हुकूम गेला की तो शिटी वाजवायचा. मग साठीच्या दशकात ओगो मालिकेतले तीन उपग्रह आले आणि त्यांनी जगभर क्षेत्राची तीव्रता मोजली. नुसती तीव्रता, दिशा नाही. तेव्हा वाटलं होतं की सगळीकडची तीव्रता कळली की दिशा गणिताने काढता येईल. 1970 साली अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज बॅकसने कागदावर सिद्ध केलं की नाही येत. एकाच तीव्रतेच्या नकाशातून वेगवेगळी क्षेत्रं निघू शकतात, आणि सगळ्यात मोठा घोळ होतो तो नेमका चुंबकीय विषुववृत्ताच्या आजूबाजूला. म्हणजे आपल्याकडे. हा निकाल मला माझ्या पहिल्या वर्षाच्या बीएस्सीत कुणी सांगितला असता तर गणित आवडायला इतकी वर्षं लागली नसती.

दिशा मोजणारा मापक वेगळा असतो, फ्लक्सगेट. तो तिन्ही अक्षांवरचे घटक देतो पण त्याचा स्वभाव चंचल, तापमानाने, वयाने सरकतो. म्हणून एक जोडी लागते: एक खरं बोलणारा पण दिशा न कळणारा, दुसरा दिशा कळणारा पण अधूनमधून थापा मारणारा. दुसऱ्याला पहिल्याशी सतत ताडून बघायचं. (आमच्या घरातही हीच व्यवस्था आहे. कोण कोणता ते सांगत नाही.) ही जोडी घेऊन 30 ऑक्टोबर 1979 ला मॅगसॅट गेला. पुढच्या जूनमध्ये वातावरणात जळून गेला, पण तेवढ्या सात-आठ महिन्यांच्या मोजणीवर जगाने वीस वर्षं काढली. त्यानंतरचा तसा उपग्रह थेट 1999 सालचा, डेन्मार्कचा ऊर्स्टेड. तारेतल्या विजेने होकायंत्राची सुई हलते हे दाखवणाऱ्या आपल्याच माणसाचं नाव त्यांनी त्याला दिलं. 2000 साली जर्मनीचा चॅम्प. आणि 22 नोव्हेंबर 2013 ला युरोपचे तीन एकदम: स्वॉर्म.

दिशेचं दुखणं असं की उपग्रह स्वतः कुठल्या बाजूला तोंड करून आहे हे माहीत नसेल तर फ्लक्सगेटचे आकडे फुकट. एक अंश चुकला तर साडेसातशे नॅनोटेस्ला चुकले. चूक एका नॅनोटेस्लाच्या आत ठेवायची तर कोन विकलांपर्यंत कळावा लागतो. एक विकला म्हणजे पाच किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढं. त्यासाठी ताऱ्यांचे फोटो काढणारे कॅमेरे फ्लक्सगेटच्या शेजारीच, एकाच कडक पाटावर बसवलेले असतात.

आणि ही सगळी मंडळी उपग्रहाच्या पोटात नसतात. मला सगळ्यात आवडते ती हीच गोष्ट. उपग्रहातही बॅटऱ्या, तारा, सौरपट्ट्यांतून वाहणारी वीज, म्हणजे कुलाब्याची ट्राम आलीच. म्हणून मापक एका लांब दांडीवर. मॅगसॅटची सहा मीटर, ऊर्स्टेडची आठ, स्वॉर्मची चार. अंतर चौपट केलं की लहान चुंबकाचा त्रास चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून एवढी खटपट. आपल्या आदित्य-एल1 वरची दांडीही सहा मीटरची. तो पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याकडून येणारं क्षेत्र मोजतो, म्हणजे क्षेत्र आणखी हजारो पटींनी फिकं. त्याच्या दांडीवर दोन मापक आहेत, एक टोकाला आणि एक मध्यावर. यानाचा स्वतःचा त्रास मधल्याला जास्त होतो, टोकाच्याला कमी. दोघांतल्या फरकावरून यान स्वतः किती गोंगाट करतंय ते कळतं आणि वजा करता येतं. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी यांना उठवून सांगितलं. "सकाळी सांग" म्हणाले.

स्वॉर्मला एवढं जपूनही ऊन बाधलंच. वर गेल्यावर दिसलं की दोन मापकांचं आपसात जुळत नाही आणि फरक सूर्याच्या कोनाबरोबर बदलतो, काही नॅनोटेस्लांनी. उन्हाने तापलेल्या भागांत बारीक प्रवाह उठत होते. पुढे ती चूक मोजून वजा करायची पद्धत बसवली. आणि 2014 च्या नोव्हेंबरात तिघांपैकी चार्लीचा खरं बोलणारा मापक कायमचा गेला. सुदैवाने चार्ली आणि अल्फा शेजारीशेजारी उडतात, तेव्हापासून चार्लीचे आकडे अल्फाच्या आकड्यांवरून ताडून घेतात. शेजाऱ्याच्या घड्याळावर आपलं लावतो तसं.

माझ्या बाटल्यांकडे परत येते.

2019 च्या दिवाळीनंतर वाडीत मांडणी केली. नारळी-पोफळींच्या मधे, घराच्या जांभ्याच्या भिंतींपासून लांब, बांबूची तिवई, सुतळीने बांधलेली, खिळा नाही. तिच्यावर दोन बाटल्या पूर्व-पश्चिम आडव्या. स्कूटरची 12 व्होल्टची बॅटरी पाच मीटरवर. लॅपटॉप त्याहून लांब. बटण दाबा, पाच सेकंद, सोडा. स्पीकरमधून काय आलं? घूंऽऽ. पन्नास हर्ट्झची घूं आणि तिची सगळी पिल्लं: शंभर, दीडशे, दोनशे, पार अठराशे, साडेअठराशे. दोन बाटल्या उलट्या गुंडाळल्या होत्या त्या ही घूं एकमेकींत मारून टाकायलाच. बरीचशी मेलीही. पण राहिली ती पुरेशी होती. शेजारच्या वाडीतला पंप सुरू झाला की तर काही बोलायलाच नको. अठराशे आणि साडेअठराशेच्या मधल्या फटीत माझी शिटी असायला हवी होती. सहा महिने ती फट रिकामी.

मग 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं.

त्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी. आमच्या बेचाळीस पोफळी गेल्या, गोठ्याचे पत्रे उडाले, आणि लाइट दोन आठवड्यांहून जास्त नव्हती. सगळा गाव काळोखात. पाचव्या की सहाव्या रात्री झोप येईना म्हणून बाहेर येऊन बसले. रातकिडे आणि बेडूक सोडले तर आवाज नाही, आणि एकदम लक्षात आलं: लाइट नाही म्हणजे घूं नाही. लॅपटॉप एकाच्या गाडीवर चार्ज करून आणलेला होता. बांबूची तिवई वादळात गेली होती, म्हणून पडलेल्या पोफळीच्या खोडावरच बाटल्या ठेवल्या, कंदिल लांब ठेवला, बटण दाबलं, सोडलं.

आली! किटलीत वाफ धरायला लागते तेव्हा येते तशी बारीक शिटी, जेमतेम सेकंदभर. मी पुन्हा दाबलं. पुन्हा आली. त्या रात्री मी किमान साठ वेळा ऐकली असेल. आजूबाजूला उन्मळून पडलेल्या पोफळी आणि मधे बसून मी हसतेय, हे कुणी बघितलं असतं तर रिवाइंडिंगवाल्याची शंका गावभर झाली असती.

पण आकडा स्थिर नव्हता. एकदा 1826, एकदा 1839, एकदा शिटीच नाही. चार-पाच रात्री डोकं खाजवलं. मग एकदा माझ्याऐवजी आमचे हे बटण दाबायला बसले आणि सलग वीस वेळा 1834 आलं, शिटीही चांगली दोन सेकंद टिकली. मी बसले की गडबड. यांच्याकडे बघितलं, लुंगी नि बनियन. माझ्याकडे बघितलं.

निऱ्यांची पिन. बटणाची वायर आखूड होती म्हणून मी बाटलीला जवळजवळ चिकटून बसत होते, आणि पोलादी पिन फूटभर अंतरावर. बाटलीच्या एका कडेच्या प्रोटॉनांना क्षेत्र जास्त, दुसऱ्या कडेच्यांना कमी, त्यामुळे त्यांचे सूर आपसात फाटायचे आणि शिटी मरायची. मी वाकले की आणखी. तीस वर्षांपूर्वी वेधशाळेत न काढलेली ती पिन मी त्या रात्री काढली आणि विहिरीच्या काठावर ठेवली. 1834. पुन्हा 1834. आता मापन करताना गाऊन घालते. हुक-बटणांचा नाही, बंदांचा.

लाइट आल्यावर पुन्हा घूं सुरू झाली, पण आता स्वर कुठे शोधायचा ते ठाऊक होतं. कॉम्प्युटरवर मुलाने एक प्रोग्राम लिहून दिला, तो पन्नासची पिल्लं बाजूला काढतो. रात्री दोनच्या सुमाराला, गावाचे पंप झोपलेले असताना, बरं चालतं. खरं सांगायचं तर माझी अचूकता पाच-सात नॅनोटेस्लांच्या पुढे जात नाही, तेही दहा शिट्यांची सरासरी घेतल्यावर. स्वॉर्मपुढे हे म्हणजे तराजूपुढे तळहात.

तरी एकदा तळहातालाही वजन कळलं. 10 मे 2024 च्या रात्री सूर्यावरून आलेलं वादळ पृथ्वीवर आदळलं. लडाखमध्ये हानलेला आकाश तांबडं झालं ते याच रात्री. मला भाच्याचा मेसेज आला तेव्हा साडेअकरा झाले होते. पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाला शिट्या घेतल्या. स्वर खाली येत गेला, खाली येत गेला, सकाळी सातला दहा हर्ट्झ उतरलेला. दहा हर्ट्झ म्हणजे सव्वादोनशेहून जास्त नॅनोटेस्ला. कानाला तो फरक कळत नाही, पण पडद्यावरची रेघ सरकलेली अगदी स्पष्ट दिसते. मी वहीत वेळ आणि आकडा लिहीत होते, कंदिलाऐवजी टॉर्च, बाकी थाट कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेचाच. तिथल्या लोकांनी 2 सप्टेंबर 1859 च्या महावादळात दुर्बिणीतून चुंबकाला लावलेल्या आरशाची हालचाल डोळ्यांनी वाचून लिहून ठेवली होती, आणि त्यांच्या वहीत सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण आहे. उपग्रहांच्या जमान्यातल्या लोकांनी सौरवादळ किती भयंकर होऊ शकतं याचा अंदाज बांधायला दीडशे वर्षांनी तीच वही उघडली.

म्हणून कुणी मला विचारलं की आता उपग्रह आहेत तर अलिबागची वेधशाळा कशाला, तर मी जरा चिडते. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो. त्याला दिसलेला बदल जागा बदलली म्हणून की वेळ बदलली म्हणून, हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. कुणीतरी एका जागी बसून राहिलेलं लागतं. कुलाबा आणि अलिबाग मिळून 1841 पासून बसून आहेत.

पण उपग्रहांना दिसलेली एक गोष्ट मात्र मी इथे वाडीत बसून कधीच पकडू शकणार नाही, आणि तिचा मला हेवा वाटतो. समुद्राचं पाणी खारट, म्हणजे वीजवाहक. ते पृथ्वीच्या क्षेत्रातून भरती-ओहोटीला हलतं तेव्हा त्यात अगदी मंद प्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, एक-दोन नॅनोटेस्लांचं. चॅम्पने ते चारशे किलोमीटरवरून पकडलं, बारा तास पंचवीस मिनिटांचा ठेका धरून. नंतर स्वॉर्मने त्याचे आणखी चांगले नकाशे दिले.

हे मी रिवाइंडिंगवाल्याला सांगायला गेले, नवीन बाटल्यांच्या निमित्ताने. जुन्यांचं प्लास्टिक उन्हाने तडकलंय. तो पंपाची कॉइल उकलत होता. ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "म्हणजे कुलाबा किल्ल्यात चालत जायची वेळ झाली की नाही, ते वरून कळतं?"

जवळजवळ तसंच, म्हटलं.

"मग वेढे वाढवू या का, बाई? हजार मारतो."